हातभर जास्तीचा घुमट

घुमट बांधणारी माणसं सगळं मोजतात. विटा मोजतात, चुना मोजतात, उन्हात उभ्या माणसाची सावली मोजतात, आणि रिकामा वेळ मिळाला की दुसऱ्यांचे घुमट मोजतात. मोजत नाहीत ती फक्त दोरी.

दोरीचं असं असतं. मधोमध एक खांब रोवायचा, त्याला दोरीचं एक टोक बांधायचं, दुसऱ्या टोकाला गाठ मारायची. त्या दोरीने जमिनीवर पायाचं वर्तुळ आखायचं, भिंत वर आली की खांबही वर चढवायचा, आणि मग घुमटाची प्रत्येक वीट त्या गाठीला टेकली की बसवायची. दोरी कापताना एकदाच काय ते माप घ्यायचं. गाठीला मेण लागलं की पुन्हा दोरीवर गज ठेवायचा नाही. ठेवणं म्हणजे लग्न लागल्यावर नवऱ्यामुलाचं वय विचारण्यासारखं. उत्तर काहीही आलं तरी उपयोग काय?

या धंद्यात मोठमोठ्या घुमटांची वंशावळ सांगतात. पहिला थोर घुमट म्हणे एकाने सबंध चुन्यातच ओतला आणि माथ्यावर बैलगाडी जाईल एवढं भोक ठेवलं. लोकांनी विचारलं तर म्हणाला, उजेडासाठी. खरं तर चुना संपला होता. दुसऱ्याने घुमटाच्या कमरेला चाळीस खिडक्या पाडल्या, त्यामुळे तो आभाळाला टांगल्यासारखा दिसे आणि आत शिरणारी माणसं उगाचच वाकून चालत. तिसऱ्याने एकात एक असे दोन घुमट बांधून मधल्या फटीत जिना घातला. बाप म्हणून चढलेला माणूस आजोबा होऊन उतरे. चौथ्याच्या घुमटात या भिंतीशी कुजबुजलेलं त्या भिंतीशी लख्ख ऐकू येई. त्या गावात चहाडखोरांचा धंदाच बसला. पुढे लोखंडाचे आले, मग हवा भरलेल्या कापडाचे आले, पण त्यांना या धंद्यात घुमट म्हणत नाहीत, छत्र्या म्हणतात. हे सगळे थोर लोक आपल्याच घराण्यातले, असं प्रत्येक मिस्त्री सांगतो. त्याला कोणी अडवत नाही, कारण अडवणाऱ्याचंही घराणं तेच असतं.

वहिनी अशाच घरात जन्मल्या आणि अशाच घरात दिल्या गेल्या. त्यांना वहिनी म्हणायचा मान खरं तर एकट्या धाकट्या दिराचा, पण कामावरचे झाडून सगळे गवंडी त्यांना वहिनीच म्हणत, वयाने वीस वर्षं मोठे असलेलेसुद्धा. चुन्याची घाणी त्यांच्या ताब्यात होती. चुना बोटाला कसा चिकटतो आणि किती वेळाने सुटतो, एवढ्यावरून तो कुठल्या थरात जायचा हे त्या सांगत.

त्यांच्या बाबांनी नदीपलीकडच्या गावात न्यायालयाचा घुमट बांधला होता. ऐंशी हात रुंद. दोन्ही तीरांवर त्याच्याएवढा दुसरा नव्हता. हिवाळ्यात त्याच्या आत ढग धरत, आणि वकील मंडळी आत जाताना छत्र्या उघडत. सकाळी घेतलेली शपथ दुपारी परत ऐकू येई, म्हणून साक्षीदार सहसा खोटं बोलत नसत. बाबा आता थकले होते. रोज दुपारी घाटाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या नावाड्यांना विचारत, "किती हात?" नावाडी म्हणत, "ऐंशी." मग बाबा घरी जाऊन जेवत.

लग्नाच्या दिवशी त्यांनी जावयाकडून एकच वचन घेतलं होतं. "मी आहे तोवर माझ्याहून मोठा बांधू नका. मी गेलो की आभाळाला झाकण घाला, माझी हरकत नाही." जावयाने हातावर हात ठेवला होता.

म्हणून मग अलीकडच्या गावाच्या नगराध्यक्षांनी धान्यबाजारावर घुमट घालायचं ठरवलं आणि "सगळ्यांत मोठा पाहिजे" असं बजावलं, तेव्हा वहिनींच्या नवऱ्याने, म्हणजे मिस्त्रींनी, मान डोलावली, घरी आले आणि दोरी कापली ती साडेएकोणचाळीस हातांची. म्हणजे घुमट एकोणऐंशी हातांचा. सासऱ्यांच्या घुमटाहून एक हात कमी.

"आणि अध्यक्षांनी विचारलं तर?" वहिनींनी विचारलं.

"अध्यक्ष खाली उभे राहून वर बघणार. खालून वर बघताना एक हात दिसतो कोणाला?"

त्याला आता चार वर्षं झाली होती. भिंत उभी राहिली, खांब वर चढला, घुमट एकेक थर आत झुकत वर गेला आणि माथ्यावर आभाळाचं एक गोल ताट उरलं. तेव्हा एका सकाळी भाऊजी चुन्याच्या घाणीपाशी येऊन उभे राहिले. भाऊजी म्हणजे मिस्त्रींचे धाकटे भाऊ. सामानाचा हिशेब त्यांच्याकडे. हा माणूस आठवड्यात आपण किती वेळा शिंकलो तेसुद्धा सांगे.

"दादा, दहा हजार विटा कमी पडताहेत."

मिस्त्री शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होते. "चोरीला गेल्या असतील."

"दहा हजार विटा चोरणारा त्या लपवणार कुठे? त्याला घर बांधावं लागेल. गावात चार वर्षांत नवीन घर झालेलं नाही, मी गल्ली न् गल्ली फिरून आलो."

"मग फुटल्या असतील."

"फुटक्या वेगळ्या मोजल्यात. चारशे बारा, आणि एक अर्धी."

"मग तुझी बेरीज चुकली."

भाऊजींचा चेहरा असा झाला, जणू त्यांच्या आईबद्दल कोणी काही बोललं. "दादा, एकोणऐंशी हातांच्या घुमटाला जेवढ्या लागतात तेवढ्या मी आणल्या. घुमटाने जास्त खाल्ल्या तर त्यात माझा काय दोष?" एवढं बोलून ते निघून गेले आणि दुपारी जेवले नाहीत.

वहिनींचा हात मात्र चुन्यातच थांबला. घुमटाने जास्त खाल्ल्या. एवढ्या एका वाक्याने त्यांना चार वर्षांपूर्वीचं अंगण दिसलं.

तेव्हा त्या बांधकामावरच्या झोपडीत नुकत्याच राहायला आल्या होत्या. मिस्त्री दोरी कापून, गाठीला मेण लावून, भिंतीवरच्या खुंटीला अडकवून भट्टीवर विटा ठरवायला गेले ते तीन दिवस परतले नाहीत. त्याच दिवशी पलीकडून आईने सहा गोधड्या पाठवल्या. मुलीचं नवं बिऱ्हाड, नदीकाठची थंडी. नावेत पाणी शिरलं आणि सहाच्या सहा गोधड्या चिंब होऊन आल्या. एकेक एवढी जड की दोन्ही हातांनी उचलावी लागे. अंगणात दोन खांब होते, पण वाळत घालायला दोरी नव्हती. खुंटीवर होती. चांगली, नवी, जाड. वहिनींनी ती दोन खांबांमध्ये ताणून बांधली, गोधड्या घातल्या, आणि त्या दोन दिवस ठिबकत राहिल्या. तिसऱ्या दिवशी गोधड्या घड्या घालून आत ठेवल्या आणि दोरी होती तशी गुंडाळून खुंटीवर. गाठीवरचं मेण शाबूत होतं. त्यांनी मुद्दाम पाहिलं होतं.

दुपारी गवंडी सावलीला पांगल्यावर त्या वर परांचीवर चढल्या. मिस्त्री एकटेच बसून शिदोरी सोडत होते.

"अहो, दोरी मोजा."

"काय?"

"दोरीवर गज ठेवा."

मिस्त्रींनी आजूबाजूला कोणी ऐकलं नाही ना ते पाहिलं. "उन्हात डोकं फिरलं का तुझं? दोरीवर गज ठेवतात का कोणी?"

"तिच्यावर मी गोधड्या वाळत घातल्या होत्या."

"कधी?"

"पाया आखायच्या आधी. सहा. ओल्या."

मिस्त्रींनी घास खाली ठेवला. मग उठले, गज घेतला आणि दोरीच्या गाठीपासून खांबापर्यंत गुडघ्यांवर सरकत गेले, चोराने आपल्याच घरात शिरावं तसे. परत आले तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना चुना लागला होता.

"साडेचाळीस," ते म्हणाले.

म्हणजे घुमट एक्याऐंशी हातांचा. सगळं त्याच दोरीने आखलेलं, त्यामुळे पाया, भिंत, घुमट, सगळं एकमेकांना बरोबर. कुठे तडा नाही, कुठे बाक नाही. घुमट ठणठणीत होता. मोडलं होतं ते वचन.

संध्याकाळी भाऊजींना बोलावलं. बेरीज चुकली नव्हती हे कळल्यावर त्यांना एवढा आनंद झाला की तो लपवायला त्यांनी तोंड फिरवलं. मग तिघं डोकं खाजवत बसले.

"आतून गिलावा दिला तर?" मिस्त्री म्हणाले. "चांगला हातभर जाड. आतलं माप उतरेल."

भाऊजींनी बोटांवर हिशेब केला. "तीन हजार गाड्या चुना. आणि दादा, त्या वजनाने घुमट खाली येईल."

"खाली येईल, पण वचन तेवढं वर राहील."

"आणि आपण मध्ये राहू," वहिनी म्हणाल्या. "ते काही नाही. बाबांना मी सांगते."

"मी सांगतो. दोरी माझी."

"गोधड्या माझ्या."

सांगावं तर लागणारच होतं. या धंद्याची रीत अशी की माथ्यावर शेवटची, कळीची वीट बसली, की त्या भागातल्या सगळ्यांत जुन्या मिस्त्रीला बोलवायचं. तो आपली दोरी घेऊन येतो, घुमट आतून मोजतो, माप मोठ्याने पुकारतो, आणि मग घुमटाखालचं पहिलं जेवण तो जेवतो. जेवला की घुमट पसंत. न जेवता उठला, तर त्या मिस्त्रीच्या हाताखाली पुन्हा कोणी गवंडी उभा राहत नाही. आणि दोन्ही तीरांवर सगळ्यांत जुने मिस्त्री म्हणजे बाबाच. वचन मोडलेल्या जावयाच्या घुमटाखाली ते जेवायला बसतील, असं वहिनींना काही केल्या वाटत नव्हतं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबाही असे उठून गेले तर पलीकडच्या तीरावर त्यांचं म्हणावं असं कोणी उरणार नव्हतं.

नव्या दहा हजार विटा भाजून येईपर्यंत दोन महिने गेले. त्यात वहिनी दोनदा नावेत बसून पलीकडे गेल्या. पहिल्यांदा बाबांच्या गुडघ्यांबद्दल बोलून परत आल्या. दुसऱ्यांदा पक्कं ठरवून गेल्या. बाबा पायरीवर बसले होते. एका नावाड्याला त्यांनी विचारलं, "किती हात?" नावाडी नवा होता, म्हणाला, "कसले हात?" बाबांनी त्याला हाताला धरून न्यायालयापर्यंत नेलं, आत उभं केलं आणि परत आणलं. मग वहिनींना म्हणाले, "तू काही सांगत होतीस."

"काही नाही. चुना चांगला मळलाय यंदा."

"मळला पाहिजे," बाबा म्हणाले.

कळीची वीट बसली त्या दिवशी धान्यबाजारातलं सगळं सामान हलवून जमीन झाडली. घुमट इतका उंच होता की माथ्याजवळून उडालेलं कबुतर खाली उतरेपर्यंत म्हातारं होई, असं गवंडी सांगत. भाऊजींनी मात्र दोन कबुतरांची वेळ लावून पाहिली आणि ते खोटं ठरवलं. अध्यक्ष नव्या कोटात आले. त्यांच्यामागे अर्धं गाव.

बाबा दहा वाजता पोचले. खांद्यावर त्यांची दोरी. बरोबर ऐंशी हातांची, आपल्या घुमटाच्या मापाची. दुसरी त्यांनी कधी ठेवलीच नव्हती. घुमट एक बोट कमी असेल तर दोरी उरेल, एक बोट जास्त असेल तर पुरणार नाही. हिशेब सोपा होता.

बाबांनी वर पाहिलं नाही. जुने मिस्त्री आधी वर बघत नाहीत, आधी जमीन बघतात. मग भिंतीवरून हात फिरवला, बोट जिभेला लावलं. "चुना मळलाय खरा," ते म्हणाले.

दोरीचं एक टोक त्यांनी स्वतः भिंतीला धरलं. दुसरं टोक घेऊन मिस्त्री बाजार ओलांडत समोरच्या भिंतीकडे निघाले. अध्यक्ष त्यांच्याबरोबर चालले. आपण मोजणीत आहोत असं दिसायला हवं होतं. एवढ्या लांबून मिस्त्री बोटाएवढे दिसायला लागले. वहिनी बाबांच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. दोरी जमिनीवरून उचलली गेली, ताठ होऊ लागली. आता नाही तर कधीच नाही.

त्या भिंतीकडे वळल्या, बाबांच्या कानाशी आल्या आणि कुजबुजल्या, "बाबा, दोरी पुरणार नाही. त्यांची चूक नाही. त्यांनी एकोणऐंशीचीच कापली होती. मी तिच्यावर ओल्या गोधड्या वाळत घातल्या आणि ती ताणली. तुम्ही न जेवता उठलात तरी माझ्यावर रागवा, त्यांच्यावर नको. वाटलं तर एकोणऐंशी पुकारा. आम्ही कोणी बोलणार नाही."

समोरच्या भिंतीपाशी अध्यक्षांनी चमकून मागे पाहिलं. मागे भिंतच होती. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. चार वर्षं विटांच्या आणि पोत्यांच्या ढिगांनी भरलेला बाजार आज पहिल्यांदा मोकळा झाला होता, आणि घुमटाच्या घरात जन्मलेल्या बाईला ऐन वेळी नेमकं तेवढंच आठवलं नव्हतं. भिंतीने त्यांचा एकेक शब्द उचलून समोर नेऊन ठेवला होता.

"गोधड्या?" अध्यक्ष म्हणाले, आणि तेही फिरून वहिनींच्या कानाशी आलं. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

बाबांना सगळं समजत होतं. चाळीस वर्षं घुमटाखाली काढलेल्या माणसाला भिंत कुठे बोलते आणि कुठे ऐकते हे सांगावं लागत नाही. दोरी ताठ झाली होती. समोर मिस्त्रींचा हात आणि भिंत यांच्यात हातभर जागा उरली होती, ती इथूनही दिसत होती.

"कोणत्या गोधड्या?" त्यांनी विचारलं.

"आईने पाठवलेल्या."

"निळ्या काठाची होती त्यात?"

"होती. सगळ्यांत जड तीच."

"असणारच. आत माझा जुना कोट घातलाय तिने." बाबांनी नाकाने एक लांब श्वास सोडला. "मी न्यायालयाचा घुमट पुरा केला त्या वर्षी तिने ती गोधडी शिवली. शिवता शिवता रोज म्हणायची, 'हातभर कमीच बांधलात.' मी म्हणायचो, दोरी एवढीच होती. ती म्हणायची, 'दोरीचं काय, ताणायची.' तीस वर्षं ऐकलं मी हे. मरायच्या आधीसुद्धा पाणी मागितलं आणि तेच म्हणाली."

वहिनींनी तोंडावरचा पदर खाली घेतला.

मग बाबांनी तोंड भिंतीच्या अगदी जवळ नेलं. चुन्याला ओठ लागतील एवढं जवळ. आणि नेहमीच्याच आवाजात, कोणाकडे न बघता म्हणाले, "जावईबापू, वचन तुम्ही नाही मोडलंत. तुमच्या सासूबाईंनी मोडलं. त्यांच्यापुढे माझंही कधी चाललं नाही. दोरी सोडा आता, हात दुखत असेल."

समोरून मिस्त्रींचा आवाज आला, लहान, घुमटाने नीट जपून आणलेला. "मामा, हात नाही दुखत."

"मग डोळे पुसा. अध्यक्ष बाजूला आहेत."

बाबा बाजाराच्या मधोमध चालत गेले. सावकाश, गुडघ्यांना सांभाळून. जिथे चार वर्षं खांब होता तिथे थांबले आणि आता पहिल्यांदा मान वर केली. एवढी वर केली की टोपी मागे पडली. कोणी ती उचलायला पुढे झालं नाही. मोजणाऱ्या मिस्त्रीने वर बघितलेलं असताना त्याच्याजवळ जात नाहीत.

"एक्याऐंशी," त्यांनी पुकारलं.

घुमटाने ते तीनदा परत केलं. भाऊजी म्हणतात चारदा, आणि भाऊजींची बेरीज चुकत नाही.

अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. टाळ्या विरायला एवढा वेळ लागला की तोवर पानं मांडून झाली. बाबा वहिनींना म्हणाले, "जमीन गार आहे. बसायला काही आणलंयस का?"

वहिनींनी झोपडीतून गोधड्या आणल्या. बाबांनी सहांतून निळ्या काठाची बरोबर ओढून काढली, पण ती खाली अंथरली नाही. दुसरीवर बसले, आणि ही चौघडी करून शेजारी ठेवली, एका माणसाची जागा धरून. मग पहिला घास घेतला.

जेवण झाल्यावर निघताना त्यांनी जावयाच्या साडेचाळीस हातांच्या दोरीकडे बोट दाखवलं. "ही लागणार आहे का तुम्हाला?"

"नाही, मामा. पुढच्या घुमटाला नवी कापीन."

"मग मला द्या. घरी वाळत घालायला दोरी नाही."

वहिनींनी दोरी गुंडाळली आणि त्यांच्या खांद्यावर दिली. संध्याकाळी नाव पलीकडे लागली तेव्हा तो नवा नावाडी पायरीवरच होता. त्याने आपणहून सांगितलं, "ऐंशी हात, मिस्त्री."

"ते इथलं," बाबा म्हणाले. "पलीकडचं विचार."